आधी बॉनेट, मग नारळ

माघातली सकाळ. पत्र्याच्या भोकांतून ऊन काड्याकाड्यांनी खाली उतरलेलं, आणि त्या उन्हात माझी सून रेणुका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवून, मूठ कानाशी धरून, डोळे मिटून उभी. बाहेर रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात, एसटी खडखडते, कुत्री भांडतात. त्यातलं काही तिच्यापर्यंत पोचत नाही. इंजिनाच्या पोटात कुठे काही झिजत असेल, तर तेवढंच पोचतं. बघणारे म्हणतात, देवासमोर उभी राहिल्यासारखी दिसते. मला काही तसं दिसत नाही. देवासमोर माणूस मागायला उभा राहतो.

ती जतकडची. बापाचं गॅरेज होतं, भाऊ नव्हता, म्हणून पाना तिच्या हातात आला. लग्नात तिच्या नखांतलं काळं बघून आमच्या भावकीनं नाकं मुरडली. ते काळं अजून आहे, नाकं मुरडणारे बरेचसे गेले. माझा मुलगा मुंबईला कामाला असतो. तासगावच्या वाटेवरची ही शेड तिनंच उभी केली. हट्टी बोल्ट असला की ती त्याच्याशी कानडीत बोलते, ‘बा, बा’ म्हणते, म्हणजे ये, ये. थंडीत तिचे हात द्राक्षाच्या जुन्या खोडासारखे फुटतात. उन्हाळ्यात पत्रा तापून आत भट्टी होते, तेव्हा ती गाडीखालच्या सावलीत पाठ टेकून असते आणि बाहेर नुसती पावलं दिसतात. रागावली असली की अंगठे ताठ होतात, तेवढ्यावरून मी गप्प बसायचं की बोलायचं ते ठरवते.

आमच्याकडे गाडी बंद पडली की मग गॅरेजला नेतात. चालत्या गाडीला हात लावायचा म्हणजे निजलेलं पोर उठवायचं, असं सगळ्यांना वाटतं. ते वाटणं मोडायला रेणुका गेली नाही, तिनं त्याच्या कडेनं वाट काढली. शेडला लागून म्हसोबा आहे. दर अमावास्येला वडापचे, म्हणजे सीटमागे भाडं घेऊन माणसं नेणारे, जीपवाले तिथे थांबतात, नारळ फोडतात, वाळलेलं लिंबू-मिरची काढून नवं बांधतात. ती त्यांना म्हणाली, थांबताच आहात, तर आधी बॉनेट उघडा, मग नारळ. ऑइल, पाणी, पट्टा, ब्रेक, चाकांतली हवा बघून झाली की लिंबू ती स्वतः बांधायची. हळूहळू शिरस्ता पडला. अमावास्येला दारात जीपांची रांग लागायची, उदबत्तीच्या धुरात डिझेलचा वास मिसळायचा, आणि ज्या दिवशी लोक नवं काम काढायला भितात, तोच दिवस आमच्या शेडचा कामाचा झाला.

मग द्राक्षं उतरवायच्या हंगामातली ती अमावास्या. माझ्या चुलत दिराचा मुलगा बजरंग जीप घेऊन आला. मागे बाया खच्चून भरलेल्या. आमच्या वरच्या गावांतून, शेडच्या पुढे लागणारा घाट उतरून, त्या रोज खालच्या बागांत द्राक्षं काढायला जातात. रेणुकानं पुढचं चाक काढलं, आत बघितलं, आणि चाक परत बसवलंच नाही.

“वैनी, कालपतुर ब्रेक लागत हुता की!”

“काल लागला त्यो काल, भावजी. आज लायनर संपलंय. तासगावास्नं एसटीनं नवं मागवते, बसवते, मग जावा.”

“आन् ह्या बाया काय डोस्क्यावर घिऊन जाऊ?”

“मग डोस्कं बी तपासाय लागंल तुमचं.”

मागच्या बाया हसल्या. पण त्यातली फुलाबाई लगेच ओरडली, “हसताय काय गं? बागवाला वाट बघतोय. रेणुका, बसव चाक, म्हसोबा हाय आमाला!”

“म्हसोबा ब्रेकवर पाय ठिवत न्हाई, फुलाक्का.”

बजरंगचा चेहरा तांबडा झाला. “बाईच्या हातात पाना दिला की आसंच. चाक बसीव, न्हाईतर ह्या दारात परत एक बी जीप यायची न्हाई.”

ही पोकळ धमकी नव्हती. सगळे जीपवाले त्याच्या शब्दावर चालतात आणि आमची शेड जीपवाल्यांवर. रेणुकाला ते ठाऊक होतं. तिनं पाना पुसला, पदराला नव्हे, चिंधीला, सावकाश, आणि नाही म्हणून मान हलवली. तेव्हा तो स्वतःच चाक उचलायला वाकला. मी जाऊन चाकावर बसले.

“ऊठ काकी.”

“उचल की. चाकासकट उचल.”

“लोकं बघत्यात!”

“बघू दे. न्हाईतरी मला बघाय आता कोन येतंय?”

ऊन पायांवरून डोक्यावर आलं तरी मी उठले नाही. बाया उतरून बाभळीखाली बसल्या, भाकऱ्या सोडल्या, आणि तोंडात घास असताना रेणुकाला आणि मला शिव्या देत राहिल्या. दुपारी सामान आलं, जीप गेली. बायांचा त्या दिवसाचा रोजगार बुडाला तो बुडालाच.

बजरंगनं आपला शब्द खरा केला. पुढच्या अमावास्येला जीपा आल्या, म्हसोबाला नारळ फुटले, आणि आमच्या दाराकडे न बघता निघून गेल्या. एखादी चुकार वळली तेवढीच. रेणुका झाडलेल्या शेडमध्ये बाह्या सारून उभी होती, आजही अमावास्येला तशीच उभी असते. मी एकदा म्हणाले, बजरंगशी बोलते. ती म्हणाली, “काय बोलणार, आत्या? घाटात न पडल्याली गाडी कशी दाखवायची?”

खरं आहे. घाटात वळणावळणावर मेलेल्यांच्या नावांचे दगड आहेत, त्यांना हार पडतात. सुखरूप उतरलेल्यांसाठी कुणी दगड लावत नाही. जे घडलंच नाही त्याची आठवण धरायला काळाला जागा नसते. त्या बाया मात्र रोज संध्याकाळी घाट चढून घरी येतात, चूल पेटवतात, आणि रेणुकानं बुडवलेला तो रोजगार अजून बोलून दाखवतात. बोलू देत. बोलायला त्या आहेत.