सर्व्हरची साक्ष

"मधुसूदनजी, सर्व्हर खोटं बोलते काय?" अरुंधतीबाईंनी छापील कागद पुढे सरकवला.

धंतोलीतल्या त्या हॉस्पिटलात मॅनेजरबाईंच्या शब्दाबाहेर डॉक्टरही जात नसत, तिथे सर्व्हर सांभाळणाऱ्या मधुसूदनाची काय कथा. सर्व्हर आपल्या दिवसभराच्या घडामोडी स्वतःच एका फाइलीत लिहितो, तिला लॉग म्हणतात. त्या लॉगच्या छापील पानाच्या अगदी तळाशी ओळ होती: ‘दि. १२, १५:१० – कॉम्प्युटर खोलीतील इसम ड्युटीवर झोपलेला आढळला.’

मधुसूदनाने ती ओळ दोनदा वाचली. पुढच्या महिन्यात तो अठ्ठावन्नचा होणार होता आणि मुदतवाढीचा त्याचा अर्ज ह्याच टेबलावर सहीवाचून पडला होता. बावीस वर्षं ज्याची उस्तवार केली त्यानेच चुगली करावी, ह्याचं त्याला फार वाईट वाटलं. मग त्याची नजर वरच्या ओळीवर गेली: ‘दि. १२, १४:५० – चहा थंड व पातळ आढळला.’

"मॅडम, सर्व्हर चहा कधीपासून पिऊन राहिला?"

हाताखालच्या नूपुरने लॅपटॉपवर शोधलं. "काका, हे सर्व्हरचं नाहीच. रविंद्र हवालदारांची ऑनलाइन तक्रार आहे. लांब झाली म्हणून सर्व्हरनं नाकारली, अन् जशीच्या तशी लॉगमध्ये ओतली."

कन्हानच्या ह्या हवालदारांची बायको दुसऱ्या मजल्यावर भरती होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांची पोलीस ठाण्याच्या डायरीची सवय सुटली नव्हती: नवी ओळ, तारीख, वेळ, मग हकीकत. सर्व्हरही नेमका तसाच लिहितो.

"उद्या कोणी मी राजीनामा दिला असं लिहिलं, तर?" बाईंनी विचारलं.

"तेही सर्व्हरच्या नावावर," नूपुर जरा जास्तच आनंदाने म्हणाली. "म्हणून आता लोकांचा मजकूर अवतरणचिन्हात, एकाच ओळीत टाकते. त्यांनी एंटर दाबलं तरी नवी ओळ होणार नाही, फक्त खूण उमटंल."

"म्हणजे तुम्ही झोपले नव्हते," बाई मधुसूदनाला म्हणाल्या.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"झोपलो होतो, मॅडम. दोन दिवस जुन्या नोंदी नव्या मशीनवर चढवून राहिलो होतो. डोळा लागला."

नूपुरने कपाळाला हात लावला. काहीतरी करायचं म्हणून नूपुरने तीच तक्रार नव्या पद्धतीने लॉगमध्ये घालून पाहिली. दुसऱ्या पानावर गेलेला, कोणीच न छापलेला भागही आता सलग दिसला. तिने तो मोठ्याने वाचला:

"१५:१२ – इसमाचा डबा न उघडलेला. १५:१३ – उठवले नाही. पंखा लावला."

जाग आली तेव्हा पंखा फिरत होता, हे मधुसूदनाला आत्ता आठवलं.

अरुंधतीबाईंनी मुदतवाढीचा अर्ज ओढून सही केली आणि खाली तारखेसोबत वेळही घातली.