दोन हात पांढरा

खोली ताब्यात द्यायची वेळ दुपारी दोनची होती, आणि विब्के आणि हिनर्क या नवरा-बायकोचं काम दहालाच आटोपलं. मधले चार तास कुठेतरी काढायचे म्हणून ते ऑलिम्पिक पार्क बघायला निघाले.

म्यूनिकच्या त्या जुन्या ऑलिम्पिक वस्तीतल्या बुटक्या घरांत आता विद्यार्थी राहतात. घराची पुढची भिंत ज्यानं त्यानं आपल्या मनासारखी रंगवायची, अशी तिथली रीत. त्यांच्या मुलीनं, फेन्यानंही रंगवली होती. "आई, फोटो मुळीच पाठवणार नाही. येऊन बघ," असं ती फोनवर म्हणाली होती. मार्चमध्ये सायकलवरून जाताना तिला ट्रकनं उडवलं. विब्के आली ती आता, खोली रिकामी करायला. तीही काल, अंधार पडल्यावर.

सकाळी उजेडात भिंत नीट बघायची, असं तिनं ठरवलं होतं. ओटा घासून बादली ओतायला ती बाहेर आली, तर भिंत पांढरीशुभ्र. हिनर्क ब्रश धूत होता.

"वस्तीवाल्यांच्या पत्रात लिहिलंय, घर होतं तसं परत करायचं," तो म्हणाला.

तिनं बादली ओतली. लिहिलं असेल तर करायलाच हवं होतं.

तळ्याकाठून ते टेकडीवर चढले. वर एका म्हाताऱ्या बाईनं त्यांच्याकडून आपला फोटो काढून घेतला.

"आता तुमचा काढते. अहो, जवळ उभे राहा की! भांडलात का?"

"नाही, आम्ही उत्तरेकडचे आहोत, समुद्राकाठचे. तिकडे असेच उभे राहतात," हिनर्क म्हणाला.

"मग बरोबर!" बाई खळखळून हसली. दोघंही सवयीनं हसले. फोटो निघाला.

खाली घरांच्या रंगीबेरंगी रांगा दिसत होत्या. मधेच एक पांढरं.

"बाकीच्यांचे रंग कसे राहिले रे?"

"ती पोरं अजून राहताहेत. जाताना पुसतील."

विब्केनं मान हलवली. डब्यातला पाव निम्मा त्याला दिला. चव कशाचीच लागत नव्हती, पण दोघांनी सगळा संपवला.

बरोबर दोनला वस्तीचे देखरेखवाले लोइब्ल आले. नळ सोडून बघितला, कपाटं उघडली, ओट्यावर बोट फिरवलं. "माझ्या घरीसुद्धा इतकं स्वच्छ नसतं, बाई. बायकोला सांगू नका हं," म्हणाले. मग दाराबाहेर येऊन थबकले.

"हे कुणी केलं?"

"मी," हिनर्क म्हणाला. "पत्रात होतं."

"अहो, ते आतल्या भिंतींचं! बाहेरचं चित्र आम्ही कधीच पुसायला लावत नाही. नवीन येणाऱ्याला आवडलं तर तो वर्षानुवर्षं ठेवतो."

हिनर्कनं हात पाठीमागे घेतले.

"मीच सांगितलं याला," विब्के म्हणाली. "सही कुठे करायची?"

तिनं सही केली, किल्ली दिली. लोइब्लनी टोपी काढली, काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले.

"तू कुठे सांगितलं होतंस?"

"राहू दे. तू एकट्यानंच बघितलंयस ते. काय होतं?"

हिनर्क भिंतीजवळ गेला. "मेंढी," तो म्हणाला. "आपल्या समुद्राच्या बांधावरची. पोहायची टोपी घालून पाण्याकडे निघालेली."

"टोपी कसली?"

"लाल. कान बाहेर आलेले." त्यानं भिंतीवर तळवा ठेवला. "इथे एक कान. दुसरा तिकडे, जरा मोठा झालेला."

"आणि तोंड?"

"तुझ्यासारखं. रागावतेस तेव्हाचं." त्याचा हात खाली सरकला आणि थांबला. "पाय राहिले होते काढायचे. पेन्सिलनं नुसत्या रेघा होत्या."

"किती पाय?"

"तीन."

विब्केनं बोटानं रंग खरवडून पाहिला. खाली पांढराच लागला.

"रंगाचे दोन हात दिलेत मी," हिनर्क म्हणाला. "एका हातानं लाल दिसत होतं."

"बरं," ती म्हणाली. "पाण्याचा रंग कुठला होता, ते सांग."