नावघाटावरचे सल्ले

तापीवर आमच्याकडे पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. गावाच्या खालच्या अंगाला नाव लागायची आणि नंदुरबारकडे जाणारी-येणारी सगळी माणसं तिथे निंबाखाली बसून राहायची. नाव पलीकडे गेली की ती भरून परत येईपर्यंत यांना काडीचं काम नसे. अशा रिकाम्या माणसांसमोर कोणी गळ टाकून बसलं तर त्याचं काय होतं, ते मी भोगलं आहे. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी तेव्हा नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो. आबा, म्हणजे माझे वडील हिंमतराव, आजारी म्हणून रजा घेऊन गावी आलो होतो. ताप उतरला होता, पण त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. माय पेज करायची, मुगाचं कढण करायची, मऊ भातावर तूप घालून खाटेजवळ घेऊन बसायची. आबा भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टर म्हणाले, "औषधाचं काम संपलं. आता पोटात काही गेलं तर माणूस उठेल. नाही गेलं तर माझ्या हातात काही नाही."

एके दुपारी माय विहिरीवर गेलेली पाहून आबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"चुडामण, मासा खावानं मन व्हई ऱ्हायनं. तुन्ही मायले सांगू नको."

मायला का सांगायचं नाही, ते मला विचारावं लागलं नाही. जमनाबाई, म्हणजे माझी माय, गळ्यात तुळशीची माळ घालणारी. आमच्या घरात मटण-मासे पुरुषांनीच करायचे, तेही गोठ्यात, वेगळ्या चुलीवर आणि वेगळ्या पातेल्यात. त्या दिवशी माय गोठ्याकडे फिरकायची नाही. पुरुषांनी अंगावर पाणी घेतल्याशिवाय त्यांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू द्यायची नाही. पण त्यावरून घरात कधी भांडण झालं नाही. तिचं तिच्यापाशी, आबांचं आबांपाशी.

मी जाळं टाकणाऱ्या भोयांकडे गेलो, ताजा मासा आणला आणि गपचूप गोठ्यात शिजवला. आबांनी एक घास तोंडात घेतला आणि बाजूला काढून ठेवला.

"हाऊ जायामाना शे. मले आपला डोहना, गयना मासा लागस."

जाळ्यातला आणि गळाचा मासा जिभेवर वेगळा कसा लागतो, देव जाणे. पण आबांनी जन्मभर सुट्टीच्या दिवशी त्या डोहात गळ टाकला होता. आणि मी? आबा नदीवर जायचे तेव्हा मला घरी पाढे घोकायला बसवायचे. त्यामुळे पाढे पक्के झाले, गळाला गांडूळ कसं लावतात ते मात्र माहीत नाही. आबांची काठी घेतली, मायला "अंघोळीला जातो" म्हणालो आणि नावघाटाशेजारच्या डोहावर जाऊन बसलो.

पहिल्या नावेची माणसं आली आणि सुरुवात झाली.

"भाऊ, तुन्ही सावली पाणीवर पडी ऱ्हायनी. तठे सरक."

मी सरकलो.

"तठे कसाले बसना? तठे भोवरा शे. आठे ये."

मी परत आलो. एकजण म्हणाला गांडुळावर थुंक. दुसरा म्हणाला थुंकू नको, माशाला तंबाखूचा वास कळतो. तंबाखू मी खातच नाही. तिसरा तर कानाशी येऊन मोठ्यांदा ओरडला की बोलू नका रे, आवाजानं मासे पळतात.

त्यात मिरचीचे व्यापारी बन्सीलालशेठ आले. कपाळाला गंध, हातात छत्री. छत्रीचं टोक माझ्या गांडुळाच्या डबीत घालून त्यांनी पाहणी केली.

"ह्यावर काय येस भाऊ? कोंबडीनं आतडं लाव. मरळ तर आतडाशिवाय तोंड लावत नही."

"शेठ, तुम्हीन कितला मासा धऱ्यात?"

"राम राम! मी कांदा बी खात नही."

ही असली माणसं! शेठजी नावेत चढेपर्यंत मला मरळीच्या सवयी समजावून सांगत होते, आणि नाव सुटल्यावर नदीच्या मधूनसुद्धा हात करून "आतडं, आतडं" असं ओरडत होते.

दिवसामागून दिवस तसेच चालले होते. नाव गेली की जुने सल्लागार जात आणि पलीकडून नवे उतरत. आदल्यांचं सगळं नव्यांना चूक वाटे. संध्याकाळी मी रिकाम्या हातानं घरी जाई आणि आबा मान उचलून दाराकडे बघत. मग पुन्हा मान टाकत. त्यांच्या गालाची हाडं वर येत चालली होती. मला रात्री झोप लागत नसे, आणि सकाळी घाटावर कोणी "भाऊ, असं नही" म्हटलं की तळपायाची आग मस्तकात जाई.

कहर केला तो लोटननं. हा कुठल्याशा लग्नाला निघालेला, डोक्याला नवा फेटा. त्यानं आपल्या मामानं धरलेल्या माशाची गोष्ट सांगितली. मासा आधी हातभर होता, गोष्ट संपेपर्यंत बैलगाडीत मावेना. मग म्हणाला, "दे आठे, मी दाखाडस." मी नको म्हणेपर्यंत काठी त्याच्या हातात होती. त्यानं मामासारखी झोकात फेक केली. गळ पलीकडच्या खडकात जाऊन रुतला. लोटननं हिसका मारला आणि दोरी तुटली. आबांचा जुना गळ गेला.

"खडक जबरा शे," लोटन म्हणाला. तेवढ्यात नाव लागली. "जास बरं भाऊ, नवरदेव थांबेल शे."

मी त्याला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. त्याच्यामागे नावेपर्यंत गेलो, पण नाव सुटली होती. मी चिखलात उभा राहून रडलो, हे सांगायला मला लाज नाही. बाप खाटेवर वाळत चालला होता आणि ही माणसं येता-जाता माझ्याशी खेळ करत होती.

निंबाखाली एक म्हातारी बसली होती. जसोदाबाई नाव, लेकीकडे निघालेली. ती सगळं बघत होती. मला वाटलं, आता ही पण काहीतरी शिकवणार.

"माय, तू तरी बोलू नको," मी हात जोडले.

"मी काय बोलू? पन ह्या गावना मासा तुन्हं गांडूय खावावू नहीत," ती म्हणाली. "मी इकडे येस तवय महादेवना घाटवर पाय धोस. तठे सकायले एक बाई परातभर कणीकन्या गोया चारस. मासा तिन्हा पायसजोगे येतस. पोट भरेल शे त्यासनं. तुले कोन इचारस?"

"कोनती बाई?"

"नाव नही माहीत. गयामा तुयशीना मनी. मनगटवर मोर गोंदेल शे."

माझ्या मायच्या मनगटावर मोर आहे. ती रोज पहाटे झाकलेली परात घेऊन डोहाच्या वरच्या टोकाला असलेल्या महादेवाला जाते, हे मला माहीत होतं. परातीत नैवेद्य असेल असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या मागोमाग गेलो. नवीन गळ बांधलेली काठी हातातच होती. माय गुडघाभर पाण्यात उभी होती. ती एकेक गोळी सोडत होती आणि प्रत्येक गोळीला म्हणत होती, "त्यासले बरं वाटू दे. त्यासले बरं वाटू दे." तिच्याभोवती पाणी नुसतं उकळत होतं. एवढाले रोहू, माझ्या हाताएवढे, तिच्या लुगड्याला तोंड लावत होते. नवऱ्याच्या पोटात घास जावा म्हणून ही माशांची पोटं भरत होती आणि त्याच माशांसाठी मी खाली उपाशी बसलो होतो. हसावं की काठी मोडून टाकावी, मला कळेना.

"माय!" मी ओरडलो. "तू त्यासले चारस, मंग त्या मन्हा गयले कसा लागतीन? आबा मासा मांगी ऱ्हायनात! मी इतला दिवस तठे बशेल शे!"

नको ते बोलून गेलो असं लगेच वाटलं. मायनं वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातातली गोळी तशीच राहिली.

"काय म्हनना? त्यासनी मांगं? खावाले मांगं?"

"हां."

"सोताना तोंडवरी मांगं?"

"हां, माय."

मासा हा शब्द तिच्या कानात शिरलाच नव्हता. ती खाली पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागली. "मी इतली पेज करी, कढण करं," ती म्हणाली. "मले एकदा बी मांगं नही."

मग उठली. परातीत राहिलेली कणीक तिनं माझ्या ओंजळीत घातली.

"ले. पन महादेवना समोर नको. तठे खाले चाल. मी पाठ करी उभी राहस."

आम्ही घाटाच्या खाली गेलो. मासेही आमच्याबरोबर खाली आले. माय नदीकडे पाठ करून उभी राहिली आणि डोळे मिटून घेतले. मी गळाला कणीक लावून टाकली. पाणी हललं, कणीक गेली, गळ रिकामा. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. माझ्या तोंडून शिवी निघाली.

"गोयी केवढी करी?" मायनं पाठमोरीच विचारलं.

"लिंबू एवढी."

"इतली नको. ती फोडी खातस त्या. बोर एवढी कर. आन टाकी लगेच ओढू नको, पह्यले ती तोंडमा फिरावतस."

नावघाटावर एवढ्या माणसांचे सल्ले ऐकले, त्यातला हाच एक मी मुकाट ऐकला. काठी वाकली. मासा बाहेर आला तेव्हा मायनं कानांवर हात ठेवले होते, आणि परतताना ती माझ्यापुढे बरंच अंतर ठेवून चालली.

संध्याकाळी मी आबांची खाट गोठ्याच्या ओसरीत नेली. मासा शिजवला, काटे काढून ताटात वाढला. आबांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग बोटं चाटत म्हणाले, "मासा भलता माजेल शे. कोन पोसस रे ह्यासले?"

तेवढ्यात गोठ्याच्या दारात सावली पडली. माय आली होती. आजवर मासा शिजत असताना तिनं त्या दारात पाय ठेवला नव्हता. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. नाकाला पदर लावलेला होता, पण नजर आबांच्या ताटावर होती.

"मी पोसस," ती म्हणाली. "तुमना साठे."

आबांचा हात ताटातच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी ताट माझ्यापुढे केलं आणि म्हणाले, "वाढ आजून."