खारीचा नाडीबाबा आणि पहिल्या राशीचं मीठ

“महाराज, तुमचं हृदय बंद पडलंय ना? मग तुम्ही बोलताय कसे?”

विचारलं एकदाचं! कार्मिन आणि आशा या माझ्या वर्गातल्या दोघींनी पैज लावली होती, की आनंदी, म्हणजे मी, हे भर सभेत विचारूच शकणार नाही. अख्खं खारी गाव देवळासमोरच्या मांडवात दाटीने बसलं होतं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

दर रविवारी हृदय थांबवून दाखवणारे नाडीबाबा पाटावर, दोन्ही हात अंगाशी घट्ट आवळून, खुडूक कोंबडीसारखे बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला.

“हृदय म्हणजे कोण, पोरी? नोकर! मालक तो आत्मा. नोकर रजेवर गेला म्हणून मालक मुका होतो का? ये, बघ नाडी!”

लोक हसले. माझे कान तापले. मी पुढे होऊन त्यांची दोन्ही मनगटं चाचपली. काही नाही! खरंच, एक ठोका नाही.

“नाडीबाबा की जय!” सगळ्यांत मोठा आवाज माझ्या दादांचा, म्हणजे वडिलांचा. आणि पहिल्या रांगेत हात जोडून बसलेली माझी आई, गोदूबाई.

आईला रक्तदाबाचा त्रास होता. वर्षभर गोळ्या चालू होत्या. महिन्यापूर्वी नाडीबाबांनी सांगितलं, “हृदय रागावलंय. गोळ्या फेका, मी त्याला गप्प करतो.” आमचं गाव मिठागरांवर जगणारं. हंगामातल्या पहिल्या राशीचं मीठ आम्ही देवापुढे ठेवतो आणि आजाऱ्यावरून ओवाळून टाकतो. बाबांनी नेमकं तेच हेरलं. “टाकता कशाला? पोटात घाला! रोज दोन चमचे, पाण्यातून!” आणि रोज सकाळी ते पाणी ढवळून आईच्या हातात कोण देत होतं? मी!

त्या दिवशी सभेहून परतताना आई बांधावर मट्‌कन बसली. श्वास पुरेना. पाय असे सुजलेले, की बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

“स्टेशनजवळच्या आयरिन डॉक्टरांकडे नेऊ या,” कार्मिन म्हणाली आणि टांगा आणायला धावली.

“बाबांना इचारल्याबिगर न्हाय!” दादा आडवे झाले.

“तुम्ही विचारून येईपर्यंत आई राहील का, दादा?”

जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. ते टांग्यात चढले.

डॉक्टरांनी आईच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला. मला म्हणाल्या, “रडतेस काय? मनगट धर आणि ठोके लागतात का सांग.” मी धरलं. धाड, धाड, धाड. त्यांनी रबरी फुगा दाबत पट्ट्यात हवा भरली. ठोके मंदावले आणि एकदम गेले.

“डॉक्टर! आई गेली!”

“मी कुठं गेले?” आई धापा टाकत म्हणाली. “हितंच तर हाय गो!”

डॉक्टर हसल्या. “हृदय चालूच आहे, बाळ. दंडातली रक्तवाहिनी आवळली, म्हणून ठोका मनगटापर्यंत पोचत नाही.”

दाब निघाला दोनशेवीस. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि मिठाच्या पाण्याची हकिगत ऐकून दादांकडे वळल्या.

“राघोदादा, शेवटच्या वाफ्यात पाणी पोचेना, तर तुम्ही काय करता?”

“खाडीच्या तोंडाशी उघाडी हाय, तिचं दार उचलतो. भरतीचं पानी आत घेतो.”

“आणि त्या वाफ्याचा पाटच गाळाने बुजला असेल तर?”

“मंग बाकीचं वाफं तुडुंब. बांध फुटायची पाळी.”

“गोदूबाईंचं तसंच झालं असावं. मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद होऊन त्याला रक्त कमी पोचलं, की ते रक्तात रेनिन नावाचं द्रव्य सोडतं. त्यातून पुढे अशी रसायनं बनतात, की अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. दाब चढतो, आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं. हृदय कोणावर रागावलेलं नाही. हाका मूत्रपिंड मारतंय, आणि तुम्ही वरून मीठ पाजताय!”

दादांनी मान खाली घातली. मग पुटपुटले, “पन तो नाडी बंद करतो, त्ये?”

मी मघापासून त्या पट्ट्याकडेच बघत होते. वरून आवळलं की खाली ठोका नाही!

“दादा,” मी म्हणाले, “रविवारी माझ्याबरोबर चला.”

रविवारी मांडव पुन्हा खच्चून भरला. बाबांनी नाडी थांबवली. मी उठले.

“महाराज, आज हात वर करून थांबवा.”

“हात वर केला की शक्ती आभाळात उडते!”

“मग मानेची नाडी बघू दे.” त्यांना कळायच्या आत मी गळ्याशी बोटं टेकवली. “अहो, ही तर धावत सुटलीय! रजेवर गेलेल्या नोकराला एवढी घाई कसली?”

“कारटीला झपाटलंय! धरा तिला!”

दोन चेले माझ्यावर धावले. एकाने दंड पकडला. तेवढ्यात दादा उभे राहिले. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. पण मिठाच्या पाट्या उचलणाऱ्या त्या हातांनी बाबांचे दोन्ही कोपर धरले आणि वर उचलले.

टप्. टप्. काखेतून दोन रबरी चेंडू पडले. एक घरंगळत पहिल्या रांगेतल्या विमलाबाईंच्या मांडीशी गेला.

“अगो बाय! बाबांनी अंडी घातली!”

त्या हास्यकल्लोळात बाबा आणि चेले मागच्या वाटेने कधी पसार झाले, कळलंच नाही.

दुपारी आईने अळणी भात चिवडला. “बाबा खोटा. पन आपलं मीठ खोटं कसं असल गो?”

“मीठ खोटं नाही, आई. रोग न तपासता दिलेला उपाय खोटा.”

वाचकहो, मीही त्या मनगटाला हात लावून फसले होते. डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं, एवढ्याने भागत नाही. ‘असं का?’ हे विचारावं लागतं. आणि विचारणाऱ्याला जो ‘झपाटलेला’ म्हणतो, त्याच्या हाती आपल्या माणसाचा जीव देऊ नका.

मी आईच्या ताटाशेजारी डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली.

“आई, दादा, ऐका. मूत्रपिंडाचे फोटो मुंबईच्या मोठ्या इस्पितळात काढतात. उद्या माझी गणिताची चाचणी आहे. ती मी देणार नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने मी आईला घेऊन जाणार आहे.”