लाल दोऱ्याची कड

मी एक जुने नाताळचे भेटकार्ड आहे. बर्फातले इवलेसे घर आणि त्याच्या खिडकीत पिवळा दिवा, एवढेच माझे वैभव. छापखान्यात एका सकाळी माझी हजारभर भावंडे जन्मली, सगळी सारखीच. मी वेगळे झाले ते कपडे शिवणाऱ्या एका बाईंमुळे. त्यांनी माझ्या कडेने लाल दोऱ्याचे बारीक टाके घातले आणि कोपऱ्यातला एक टाका मुद्दाम तिरका ठेवला. त्यांचा धाकटा भाऊ शाळेत जायचा, तेव्हा त्याच्या शर्टाला आतून त्या असाच टाका घालायच्या, शर्ट हरवू नये म्हणून. आता तो भाऊ आजोबा झाला होता आणि दूरच्या गावी घड्याळे दुरुस्त करत होता.

मित्रांनो, तिथे माझे काय कौतुक झाले! महिनाभर मी दुकानाच्या काचेत उभे होते. "आमच्या ताईनं पाठवलंय," आजोबा येईल त्याला सांगत. मग म्हणत, "उद्या उत्तर लिहितो." साऱ्या गावाची घड्याळे वेळेवर चालवणाऱ्या त्या माणसाचा उद्या काही उगवला नाही. मी बिस्किटांच्या डब्यात गेले. दर वर्षी माझ्यावर नवे कार्ड येऊन पडे. मग यायचे थांबले.

"तुझ्या आत्याआजीला आता दिसत नाही गं," फोन ठेवून आजोबा नातीला म्हणाले. "आता मी काय पाठवू तिला?"

नातीने डबा उघडून मला बाहेर काढले. "यातूनच नवीन कार्ड करू."

"दिसत नाही म्हटलं ना तिला!"

"मग हाताला लागेल असं करू."

माझी कड थोडी उसवली होती. तिने ती छाटायला कात्री लावली, तोच आजोबा ओरडले, "थांब चिमणे! तो टाका नको कापूस!" आणि मग त्यांनी तिला शर्टाची गोष्ट सांगितली.

नातीने कडेच्या टाक्यांसकट माझे चित्र दुमडलेल्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवले. बर्फाच्या जागी कापूस लावला, छपरावर आगकाड्या. आजोबांनी खिडकीत घड्याळाचे एक चिमुकले चाक बसवले. आत लिहिले, "ताई, फार उशीर केला."

पुन्हा एकदा टपालाचा प्रवास झाला आणि मी त्याच हातांत पोहोचले. हात सुरकुतले होते. शेजारीण आतले वाचायला लागली.

"थांब गं, नको वाचूस."

बोटे कापसावरून फिरली, छपरावर चढली, चाकापाशी घुटमळली. मग कडेने टाके मोजत कोपऱ्यात आली आणि थबकली.

"आळशी मेला!" बाई हसल्या. डोळ्यांतले पाणी माझ्या कापसावर पडले. "सापडला गं, माझ्या भावाचा शर्ट सापडला!"

मित्रांनो, जुन्या कार्डांना खुशाल कात्री लावा, डिंक लावा. आम्हाला दुखत नाही, उलट पुन्हा कुणाच्या तरी दारी जायला मिळते. फक्त कापण्याआधी एकदा कडेवरून बोट फिरवून बघा. आणि उत्तर लिहायचे असेल, तर ते आजच लिहा.