पहिल्या गाडीवरची हलगी

मला संगीतातलं कळतं, हे कुणी ठरवलं देव जाणे. लहानपणी दोन वर्षं पेटीवर बोटं आपटली होती, तेवढंच भांडवल. पण एकाहत्तर साली मी प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात प्रसिद्धीचा कारकून होतो आणि आख्ख्या कचेरीत पेटीला हात लावलेला मी एकटाच. म्हणून साहेबांनी फिल्मचं संगीत माझ्या गळ्यात मारलं. मीही मोठा शहाणा, लगेच मान डोलावली.

फिल्म दहा मिनिटांची. ती जीपमधून पाथर्डीकडच्या गावांत नेऊन दाखवायची, म्हणजे दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या दुसऱ्या कारखान्याला न जाता आमच्याकडे येतील. चित्र मुकं होतं. पडद्यावर चित्र सुरू करायचं आणि शेजारी टेपरेकॉर्डरवर फीत लावायची, झाला बोलपट. शेवटी उसानं भरलेल्या बैलगाड्या ओळीनं फाटकातून आत येतात. पहिल्या गाडीवर रंगनाथ मुकादम, पटका बांधून ऐटीत बसलेला. तिथं काय वाजवायचं, तेवढंच अडलं होतं.

रंगनाथच्याच टोळीत, त्याच्याच गावचा छगन होता. हंगामात कोयता चालवायचा आणि गावी गेला की हलगी. आसपासच्या दहा गावांत लग्न निघालं की सुपारी छगनलाच. त्याला मी कचेरीमागे बोलावलं. त्यानं उसाचं पाचट पेटवून हलगी शेकली, मी टेप सुरू केला.

त्यानं लग्नातली वाजवली, कुस्तीच्या फडातली वाजवली. मला काही पटेना.

"फार उड्या मारतंय रे हे. बैल बघ कसे चालतात! संथ, भारदस्त असं नाही का काही?"

छगननं हलगी मांडीवर आडवी ठेवली. "हाय येक. पर ती अशी वाजवत न्हाईत."

"वाजव तर."

दोन थापा, मग मोकळी जागा. पुन्हा दोन थापा. बैलांच्या पावलाला पाऊल! मी खुर्चीवरून उठलोच. "हीच! हीच पाहिजे!"

"नगा घिऊ, सायेब," छगन म्हणाला. "ही पोचवायची वाजवन हाय. मयताम्होरं वाजवत्यात. जित्या मानसाम्होरं वाजवू न्हाई."

"अरे, फिल्ममध्ये नुसता आवाज असतो. कुणाला कळतंय?"

"आमच्याकडं पोरासोरास्नी कळतंय."

मी हसलो. खरंच हसलो हो, मोठ्यानं! वर म्हणालो, "संगीतातलं तू मला शिकवणार का?" त्यानं मान खाली घातली आणि मला हवा तेवढा वेळ ती वाजवली. टेप सगळा वेळ चालूच होता, त्यामुळे आमचं बोलणंही फितीवर आलं. तेवढा तुकडा मी ब्लेडनं कापून ड्रॉवरमध्ये टाकला.

भाद्रपदात जीप रंगनाथच्या गावात गेली. दिवेलागणीला देवळापुढं पडदा लावला. आख्खं गाव लोटलं होतं. पडद्यावर आपलीच तोंडं बघून बाया खिदळत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती. मग गाड्या निघाल्या. पहिल्या गाडीवर रंगनाथ, आणि दोन थापा.

हसणं बंद झालं. मला वाटलं, रंगले लोक! तेवढ्यात बायांमधून रंगनाथची बायको मनकर्णा उठली. "बंद करा! माजा धनी जित्ता हाय! बंद करा ते!"

मी चित्र आणि टेप, दोन्ही बंद केलं. कंदिलाच्या उजेडात रंगनाथचा चेहरा पांढराफटक दिसत होता. कुणीतरी ओरडलं, "ही छगन्याची थाप हाय!" हात कुणाचा ते विचारावं लागलं नाही. छगन जीपला टेकून उभा होता. सगळे त्याच्याकडे वळले आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

मीच सांगितलं होतं. एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी बोललो ते असं, "आम्हाला काय कळतं बाबा त्यातलं? त्यानं वाजवलं ते आम्ही घेतलं."

छगनला कुणी हात लावला नाही. रंगनाथ नुसता म्हणाला, "छगन, उद्यापास्नं तू माज्या टोळीत न्हाईस."

मी यंत्र आवरलं आणि जीपमध्ये बसलो. चहासुद्धा प्यालो वाटेत. मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, ते नंतर झालं.

पुढच्या वैशाखात छगन माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. निम्मा झाला होता.

"लगीनसराई सरली, सायेब. येक सुपारी आली न्हाई. जित्याम्होरं मयताची वाजिवली म्हनून कोन दारात उभं करंना." मग जरा पुढं झुकून म्हणाला, "मी नगा म्हनलो हुतो, ते बी यंत्रात गेलं आसंल न्हवं? तेवडं गावात येकदा ऐकवा. दुसरं कायबी नगं."

ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. तुकडा आत तसाच होता. पण तो ऐकवला की माझं हसणंही गावाला ऐकू जाणार, गावातून ते साहेबांच्या कानावर जाणार. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो.

"ती फीत पुसली रे," मी म्हणालो.

"पुसली व्हय," तो म्हणाला. वहाणा सरकावत दारापर्यंत गेला, तिथून वळला.

"आसू द्या, सायेब. जिवाला लावून घिऊ नगा. तुमी तर ऐकलं हुतं ना मी नगा म्हनलेलं? येका मानसाला तरी ठावं हाय. बास झालं मला."

टोमणा मारला असता तर मी तो सोसला असता. पण तो माझी समजूत काढत होता. रामराम घालून गेला, आणि मी ड्रॉवरला कुलूप लावलं.