ओढ्यातलं स्मारक

पुरात गेलेल्या माणसांचं स्मारक कुठं बांधायचं, हे ठरवायला चर्चच्या पटांगणात बैठक भरली, आणि सरपंच भागवतरावांनी सगळ्यांत आधी चहा-क्रीमरोल मागवले. स्टेलाबाईंचा नवरा यशया त्याच पुरात गेलेला. समोर आलेला क्रीमरोल त्यांनी बशीसकट बाजूला सारला.

सरपंचांनी चित्र पसरलं. गेलेल्यांच्या नावांचा संगमरवरी दगड, त्यावर कमान, कमानीवर सरपंचांचं नाव, आणि शेजारी फोटो काढायला कारंजं. नावांवर क्रीमरोलचा भुगा सांडत होता, तो त्यांनी फुंकर मारून उडवला.

"जागेची काळजीच न्हाई," ते म्हणाले. "गाळ्यांशेजारी ओढ्यात मुरूम टाकला की झालं मैदान!"

तसाच मुरूम टाकून सरपंचांनी ओढ्यात दुकानांचे गाळे उठवले, पाण्याची वाट बुजली आणि पूर थेट खालच्या गल्लीत शिरला, हे काय कुणाला ठाऊक नव्हतं? तरी माना डोलतच होत्या.

"वहिनी, दगडावर अजून काय लिहायचं का?" सरपंचांनी आवाज मऊ करून स्टेलाबाईंना विचारलं.

"लिहू नका, जागा सोडा," त्या उठत म्हणाल्या. "आमच्यात नवऱ्याच्या कबरीच्या दगडावर बायकोच्या नावापुरती जागा कोरी ठेवत्यात. तुमी तर ओढ्यातच बांधताय. आख्ख्या गल्लीपुरती ठेवा."